चौदा डब्या, एक पोट

पानुबिगान बेटावरच्या माणसाला काय वाटेल ते काम सांगा, पण डबीत शौचाचा नमुना भरून आण म्हणून सांगू नका. वादळात होडी घालणारी ही माणसं, पण आरोग्य केंद्राची ती पांढऱ्या झाकणाची प्लास्टिकची डबी हातात पडली की यांची पार गाळण उडते. डबी खिशात लपवायची, खिसा फुगायचा, आणि समोरचा तो फुगवटा बघून खो खो हसायचा. म्हणून यंदा सान रोकेच्या जत्रेला चौकातल्या चुलींवर राबणाऱ्या चौदाच्या चौदा स्वयंपाक्यांनी एका शब्दानंही कुरकुर न करता डब्या भरून आणल्या, तेव्हा नीसिंगला तिथंच शंका यायला हवी होती. नाही आली. उलट बाईसाहेब खूश! नवऱ्याला म्हणाली, "बघ, गाव सुधारलं."

नवरा भात खात होता, त्याला जोराचा ठसका लागला, एवढंच.

ही नीसिंग म्हणजे आपली लेओनिसा. इस्पितळाच्या मागच्या खोलीत बसून गावाचं रक्त, थुंकी आणि बाकी जे जे काही अंगातून बाहेर येतं ते तपासणारी जंतुशास्त्रज्ञ. लोक तिला 'डॉक' म्हणायचे. मी डॉक्टर नाही, मी जंतू शोधते, हे सांगून सांगून ती थकली आणि शेवटी तिनं नाद सोडला. बाई हुशार, पण नाकावर राग. नवरा आर्सेनिओ, सगळे त्याला सेन्यो म्हणत, मालवाहू जहाजावर आचारी होता आणि जत्रेसाठी सुट्टीवर आला होता. बायकोपुढे फार बोलायचं नाही हे तो जहाजावर न शिकता घरीच शिकला होता.

तर या डब्यांचा खटाटोप कशासाठी, तेही सांगितलं पाहिजे. दरवर्षी सान रोकेची जत्रा झाली की दोन-तीन आठवड्यांत गावात ताप यायचा. गावानं त्याचं बारसंही करून टाकलं होतं, 'जत्रेचा ताप'. कुणी म्हणायचं खाणं जास्त झालं, कुणी म्हणायचं नाच जास्त झाला. सान रोके म्हणजे साथीच्या रोगांपासून वाचवणारा संत, आणि त्याच्याच जत्रेनंतर साथ यायची! पण हे कुणाला खटकायचं नाही. नीसिंगलाही इतकं खटकत नव्हतं, खोटं कशाला बोला. पण गेल्या वर्षी तो ताप तिच्या घरात शिरला. तिची एकुलती एक मारिस, नऊ वर्षांची पोर, टायफॉईडनं आतडं फाटून इस्पितळात पडली. वाचली, पण पोटावर बेंबीपासून खाली हा एवढा व्रण राहिला. त्या दिवसांत इस्पितळाच्या व्हरांड्यात उभं राहून नीसिंगनं मनाशी ठरवलं, की हा ताप ज्याच्या हातून येतो तो हात मी शोधणार. आणि सापडला की त्या माणसाला चौकात उभं करून असं काही सुनावणार, की त्याची सात पिढ्यांची भूक मरेल.

मेयरच्या डोक्यावर बसून तिनं नियम करून घेतला, की तपासणी झाल्याशिवाय जत्रेच्या पळीला कुणी हात लावायचा नाही. मेयर म्हणाला, "डॉक, लोक मला मतं देणार नाहीत." ती म्हणाली, "मेलेले तर मुळीच देणार नाहीत." झालं, सही झाली.

आणि आता तिच्यासमोर चौदा काचेच्या ताटल्या होत्या. चौदाही ताटल्यांवर तेच ते, मध्ये काळा ठिपका असलेले जंतूंचे बारीक पुंजके. टायफॉईड.

नीसिंगला आधी आनंदाची उकळी फुटली आणि मग ती एकदम विझली. एखाद्याच्या पोटात हे जंतू मुक्काम ठोकून राहतात, त्याला स्वतःला काही होत नाही आणि तो गावभर वाटत सुटतो, हे तिला माहीत होतं. असा एखादाच असतो. चौदाच्या चौदा? मग तर गावात एव्हाना कुणी उरायला नको होतं. तिनं औषधांच्या चकत्या लावून पाहिल्या. चौदाही ताटल्यांतले जंतू एकाच औषधाला भीक घालत नव्हते आणि बाकी सगळ्यांपुढे मान टाकत होते. अगदी एकसारखे. जुळे असतात, तिळे असतात, पण चौदा?

मग तिनं मूळ डब्याच उघडल्या. नाकाला रुमाल बांधून, भिंगाखाली धरून, ज्याच्याकडे आपण सभ्य माणसं बघतही नाही ते तिनं नीट निरखून बघितलं. प्रत्येक डबीत मुगाची सालं. प्रत्येक डबीत शेवग्याचा पाला. मूग काय, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून सगळा गाव खातो. पण एक डबी होती तिबोची. तिबो म्हणजे तिबुर्स्यो, जत्रेत अख्खं डुक्कर बांबूला टोचून विस्तवावर फिरवणारा. या तिबोनं जन्मात हिरवं पान तोंडात घातलं नव्हतं. लग्नात पाहुण्यांनी सॅलड वाढलं तर उठून गेला होता. आणि त्याच्या पोटात शेवग्याचा पाला!

"अस्सं," नीसिंग स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे बसलंय एकच माणूस, आणि डब्या भरल्यात चौदा."

कुणाचं, एवढाच प्रश्न होता. आता सरळ विचारलं असतं तर चौदाही जणांनी छातीवर क्रूस काढून सांगितलं असतं की डॉक, शपथेवर माझंच. नीसिंगला माणसं ठाऊक होती. तिनं तिबोला बोलावून घेतलं, खोलीचं दार लावलं, आणि तोंड असं गंभीर केलं की कुणाला वाटावं मयतीला चाललीय.

"बसा, मानोंग तिबो. तपासणीचं कळलंय." थोरल्या पुरुषाला गावात मानोंग म्हणायचे, थोरल्या बाईला मानांग.

"वाईट आहे का?" तिबोनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ते तुम्ही कसं घेता त्यावर आहे. मानोंग, तुम्ही गरोदर आहात."

तिबो हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू हळूहळू विझलं. "डॉक, मी पुरुष आहे."

"यंत्राला ते कळत नाही. यंत्र जे आहे ते सांगतं."

"माझं वय अठ्ठावन्न आहे!"

"म्हणूनच जपायला हवं. या वयात पहिलं बाळंतपण म्हणजे चेष्टा नाही. पोट कधीपासून वाढतंय?"

"हे बियरचं आहे!"

"सगळ्याच आधी असंच म्हणतात," नीसिंग म्हणाली आणि कागद पुढे ओढला. "मानांग लूमेनला बोलावून घेऊ. घरच्यांना सांगावंच लागतं."

बायकोचं नाव निघताच तिबो ताडकन उठला. "लूमेनला? डॉक, पाया पडतो! ती पहिला प्रश्न विचारेल, कुणाचं म्हणून!"

"मग सांगा ना, कुणाचं?"

"माझं नाहीच ते!" तिबो ओरडला. "डबीतलं माझं नाहीच मुळी! मला चार दिवस झालीच नव्हती, तुमची मुदत आली, मी काय करू? सगळ्यांनीच तिच्याकडून घेतलं. मागायला गेलं की नाही म्हणत नाही बिचारी."

"ती कोण?"

तिबोनं खिडकीबाहेर बघितलं, आवाज खाली आणला. "मानांग पुरिंग."

नीसिंगच्या हातातला पेन तसाच राहिला. तिबोच्या डोक्यात मात्र आता दुसराच दिवा पेटला होता. त्याचे डोळे बशीएवढे झाले. "सान रोके! म्हणजे... मानांग पुरिंग गरोदर आहे?"

"नाही! मानोंग, थांबा, मी ते उगाच—"

थांबतोय कुठला! टोपी तिथंच टाकून तो गेला होता.

मानांग पुरिंग कोण, हे पानुबिगानमध्ये विचारणारा माणूस परक्या बेटावरचाच असणार. पुरिफिकासिओन तिचं पूर्ण नाव, म्हणजेच शुद्धी, आणि नावाप्रमाणे बाई तशीच. वय सदुसष्ट, लग्न केलं नाही, चर्चमध्ये प्रार्थना सांगणारी, मयताला सगळ्यात आधी येणारी, मूग आणि शेवग्याचा पाला खाऊन राहणारी. आयुष्यात हिचं पोट कधी बिघडलं नाही. गावाला वाटायचं, असं निर्मळ पोट दुसरं कुणाचं असणार? तर अशा बाईचं ते चांगलं असणारच, असा या शहाण्यांचा हिशोब! आणि ही बाई जत्रेला नवस म्हणून दरवर्षी स्वतःच्या हातानं अख्ख्या गावासाठी शहाळ्याच्या मलईचं सॅलड करायची. शहाळी फोडायची, मलई खरवडायची, घट्ट दूध आणि फळं घालून मोठमोठ्या परातींत हातानं कालवायची. न शिजवता. थंडगार. चुलीवरच्या चौदा जणांकडे डबी मागणाऱ्या नीसिंगनं तिच्याकडे मात्र मागितली नव्हती. तिच्याकडे डबी मागायची म्हणजे सान रोकेच्या लाकडी मूर्तीकडे मागण्यासारखं होतं. आणि ते स्वयंपाकात कुठं मोडत होतं? तो तर नवस होता.

आणि मारिस! मारिसला बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेणारी धर्ममाता, तिची निनांग, पुरिंगच होती. गेल्या जत्रेत पोरीनं निनांगच्या शेजारी बसून वाडग्यांवर वाडगे सॅलड खाल्लं होतं. पोरगी इस्पितळात असताना पुरिंग तिच्या उशाशी बसून जपमाळ ओढायची. नीसिंग कुणाकुणाला शिव्या घालायची, बर्फवाल्याला, मासळीवाल्याला, आणि पुरिंग तिला म्हणायची, "असू दे गं इंदाय, पोरी, देव त्या माणसाला क्षमा करो."

नीसिंगनं ताटल्यांवर झाकण टाकलं आणि डोकं हातात धरून बसली. वर्षभर जपून ठेवलेला राग होता, आणि तो काढायला माणूस मिळाला तो असा. मग उठून पुरिंगच्या घराकडे निघाली.

पुरिंगच्या घराशी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोचून पाय पसरून बसली होती. कुंपणाशी बायकांचा घोळका. एकीच्या हातात कच्च्या कैऱ्यांची टोपली, कारण गरोदर बाईला आंबट लागतं ना! सगळ्यांच्या नजरा पुरिंगच्या पोटावर. पुरिंग पायरीवर बसून शहाळं खरवडायच्या किसण्या घासून काढत होती. कैऱ्यांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"ये डॉक," ती म्हणाली. "मी आई होणार म्हणे?"

"मानांग, माफ करा. तिबोला घाबरवायला मी थाप मारली होती."

"माफी कसली मागतेस," पुरिंग म्हणाली, आणि तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर चक्क लाजरं हसू आलं. "सदुसष्ट वर्षांत माझ्याबद्दल कुणी असलं काही बोललं नव्हतं. मी मेलीनं लोकांना तेवढं तरी सुख द्यावं. तो वरच्या गल्लीतला बेनितो मघापासून आपण नाही, आपण नाही, असं सगळ्यांना सांगत सुटलाय. त्याला विचारलंय कुणी!"

नीसिंगनं घोळक्याला हाकललं आणि पुरिंगला घरात नेलं.

"त्या डब्या तुम्ही भरून दिल्यात?"

"दिल्या की." बाईच्या चेहऱ्यावर अपराधाची रेघ नाही. "पोरं दारात येऊन उभी राहतात, मानांग, होत नाही, मानांग, लाज वाटते. मी काय करू? भुकेल्याला अन्न द्या, तहानलेल्याला पाणी द्या, आजाऱ्याला भेटा, दयेची सात कामं देवानंच सांगितलीत. ही आठवी समज."

"ही लबाडी झाली, मानांग!"

"लबाडी कशी? आत काही खोटं होतं का? खरंच होतं सगळं."

नीसिंग खाली बघायला लागली. पुरिंगनं मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं. "काय गं? काही निघालं का त्यात?"

वर्षभर तिनं या घडीसाठी शब्द घोटून ठेवले होते. चौकात उभं करीन, असं बोलीन, तसं बोलीन. आता ते सगळं बाजूला ठेवून तिनं एवढंच विचारलं.

"मानांग, तुम्हाला मोठा ताप कधी आला होता?"

"एकोणिसाव्या वर्षी. सगळ्यांनी आशा सोडली होती. सान रोकेनं वाचवलं. म्हणून तर हा नवस, जिवंत आहे तोवर दर जत्रेला गावाला हातानं गोड खाऊ घालीन."

"तो टायफॉईड होता. ताप गेला, पण जंतू गेले नाहीत. तुमच्या पित्ताशयात राहिलेत. तुम्हाला काही करत नाहीत. ते तुमच्या शौचातून येतात, हाताला लागतात, आणि हातातून..."

तिला पुढे बोलावं लागलं नाही. पुरिंग खेडवळ असेल, मूर्ख नव्हती. ती आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी अजून हसत होतं.

"जत्रेचा ताप," पुरिंग म्हणाली.

"हो."

"दरवर्षीचा?"

"बराचसा. सगळाच नसेल." हे नीसिंगनं उगाच दयेपोटी म्हटलं.

पुरिंगनं वर बघितलं. मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "मारिस?"

आता नाही म्हणणं किती सोपं होतं! बर्फवाल्याचं नाव घेतलं असतं तरी खपलं असतं. पण नीसिंगनं आयुष्यभर ज्या कामाचं खाल्लं, ते काम म्हणजे जे आहे ते आहे म्हणून लिहायचं, एवढंच होतं.

"हो, मानांग. मारिस पण."

पुरिंगनं हात मांडीवरून उचलले आणि पाठीमागे नेले. एखादं पोर चोरीचं काही लपवतं तसे. "तू आता जा, इंदाय," ती म्हणाली. नीसिंग गोळ्यांबद्दल सांगत होती, आठवडेच्या आठवडे घ्याव्या लागतील, कदाचित पित्ताशय काढावं लागेल, पण हे बरं होतं, मानांग, ऐकताय ना. पुरिंग ऐकत नव्हती.

घरी येऊन नीसिंगनं सेन्योला सगळं सांगितलं. "जत्रेत तिनं परात मांडली तर मी काय करू? पोलीस पाठवू? आपल्या पोरीच्या निनांगवर?" सेन्यो कधी नव्हे तो भांडी घासायला उठला आणि पाठ फिरवून बराच वेळ एकच भांडं घासत राहिला.

त्याच संध्याकाळी जत्रेच्या आधीची नऊ दिवसांची प्रार्थना सुरू होणार होती. चर्च गच्च भरलं होतं, कारण आज प्रार्थनेपेक्षा पुरिंगचं पोट बघायला लोक आले होते. बेनितो केसांना तेल लावून पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसला होता. नीसिंग, सेन्यो आणि मारिस मधल्या बाकावर. पुरिंग नेहमीसारखी काळी ओढणी घेऊन आली, सान रोकेपुढे वाकली आणि ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली. पण प्रार्थनेचं पुस्तक तिनं उघडलं नाही.

"आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी गरोदर नाही."

चर्चभर उसासा पडला. बेनितोचा सगळ्यात मोठा.

"माझ्या पोटात दुसरंच काही आहे. टायफॉईडचे जंतू आहेत. एकोणिसाव्या वर्षापासून. डॉकनं शोधलं. जत्रेचा ताप ज्याला ज्याला आला, त्याला तो माझ्या हातच्या सॅलडमधून आला. माझ्या नवसानं." तिनं ध्वनिक्षेपक जवळ ओढला. "मला हे माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून तुमचा ताप कमी झाला नाही. मी तुमची माफी मागते. सान रोकेची उद्या मागेन, आज त्याच्याशी माझं भांडण आहे."

नीसिंगनं मारिसला जवळ ओढून घेतलं.

"यंदा मी सॅलड करणार नाही. मी चौकात साबण आणि पाण्याची बादली घेऊन बसणार. हात धुतल्याशिवाय जो कुणी ताटाला शिवेल त्याचा कान माझ्या हातात येईल. नवस तोच, फक्त काम बदललं." मग तिनं ओढणी नीट केली आणि तिच्या आवाजात जुनी धार आली. "आता दुसरं. ज्यांनी माझ्याकडून डब्या भरून नेल्या त्यांनी उभं राहायचं."

कुणी हललं नाही. सगळ्यांना एकदम आढ्याची नक्षी फार आवडायला लागली.

"मला सगळ्यांची नावं पाठ आहेत," पुरिंग म्हणाली. "प्रत्येकाच्या डबीवर मी एक प्रार्थना म्हटली होती. नाव घेऊन. सुरू करू? तिबुर्स्यो!"

तिबो उभा राहिला. त्याच्या बायकोनं, लूमेननं, त्याच्याकडे असं बघितलं की तो अर्धा झाला. मग भात शिजवणारे दोघे भाऊ उठले, मग शेवयांवाली, मग सुक्या मासळीवाली, करत करत चौदाही जण उठले. नीसिंगनं मनातल्या मनात मोजलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

"आणि बाकीचे?" पुरिंगनं विचारलं.

नीसिंगनं मान वर केली. बाकीचे कोण?

"मी फक्त यंदाचं विचारलं नव्हतं."

आधी उठल्या नोकरीसाठी तपासणीचा दाखला घेऊन सौदीला निघालेल्या दोन परिचारिका. मग शाळेच्या खानावळीची बाई. मग बोटीवर जाणारी पोरं, एक, दोन, पाच, अख्खा बाक. मग हाँगकाँगला घरकाम करून परत आलेल्या बायका. हवालदार उठला. गाणारे उठले, आणि बाजा वाजवणारा बाज्यावरच हात ठेवून उभा राहिला, त्यातून एक भसाडा सूर निघाला. पहिल्या रांगेत मेयर घसा खाकरत उठला, जणू भाषणच करायचं होतं. पाद्रीबाबा बसूनच राहिले, पण प्रार्थनेचं पुस्तक त्यांनी इतकं डोळ्यांजवळ नेलं की नाक आत गेलं. बघता बघता अर्धं चर्च उभं! नीसिंगच्या टेबलावरून गेलेले, नीसिंगच्या सहीनं निरोगी ठरलेले सगळे. तेव्हा ती भिंगाखाली फक्त जंत शोधायची. जंत पुरिंगच्या पोटात कधी नव्हतेच.

आणि मग शेजारी बाक करकरला. सेन्यो उभा राहत होता.

"तू?" नीसिंग दबक्या आवाजात किंचाळली. "तू? तुझी बायको हे काम करते!"

"म्हणूनच," सेन्यो समोर बघत पुटपुटला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "तुझ्या हातात कसं देणार ते? उद्या तू मला जेवायला वाढशील आणि तुझ्या डोळ्यांसमोर ते असेल. मला लाज वाटत होती गं."

"आणि मानांगचं दिलंस ते चाललं?"

"तिच्यासमोर जेवायला बसायचं नव्हतं ना."

नीसिंगनं तोंड उघडलं. या माणसाला चांगलं फाडून खावं असं तिच्या मनात आलं, आणि त्याऐवजी तिच्या तोंडातून हसू फुटलं. मारिस आजारी पडल्यापासून ती अशी हसली नव्हती. भर चर्चमध्ये, तोंडावर रुमाल दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत राहिली. मग मागचा बाक हसला, मग उभे राहिलेले हसले, पाद्रीबाबांचं पुस्तक हलायला लागलं.

"पुरे!" पुरिंगनं ध्वनिक्षेपकावर टिचकी मारली. "बसा खाली. उद्या सकाळी सगळे डॉककडे जाणार. आपापलं घेऊन. चौदा जणांनी आधी, जत्रा तोंडावर आलीय. होत नसेल त्याच्या घरी मी पपई पाठवते."

प्रार्थना झाली. लोक बाहेर पडताना नेहमीप्रमाणे आशीर्वाद म्हणून म्हाताऱ्यांचा हात घेऊन कपाळाला लावत होते. पुरिंग मात्र दाराआड भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले. जवळ आलेल्याला ती नुसती मान हलवून पुढे पाठवत होती. मारिस आईचा हात सोडून तिच्यापाशी गेली आणि कपाळ पुढे करून उभी राहिली.

पुरिंग मागे सरकली. "नको बाळा. आज नको."

मारिस हलली नाही. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि नऊ वर्षं उलटून पोर दहा वर्षांचं झालं की त्याला बरंच कळतं. ती तशीच कपाळ पुढे करून उभी.

पुरिंगनं पोरीच्या डोक्यावरून नीसिंगकडे बघितलं. त्या बघण्यात विचारणं होतं, आणि ते विचारायचा आपल्याला हक्क नाही असंही होतं. नीसिंगला व्हरांड्यातले ते दिवस आठवले नाहीत, व्रण आठवला नाही, खरं तर काहीच आठवलं नाही. समोर एक म्हातारी हात लपवून उभी होती, आणि हे काही बरोबर दिसत नव्हतं.

"हात धुतलेत ना, मानांग?"

"धुतलेत गं. कातडं निघेपर्यंत धुतलेत."

"मग द्या की. पोर खोळंबलीय."

ओढणीतून हात हळूच बाहेर आला. मारिसनं तो दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला, आणि नाक मुरडलं.

"शी, निनांग! केवढा साबणाचा वास येतोय!"

"येऊ दे," पुरिंग म्हणाली. "मरेपर्यंत येऊ दे."